लेव्हलबरोबर हल्ल्याचे डॅमेज किती वाढते, ते कसे मोजावे

टेबलटॉप रोलप्लेइंग गेममध्ये, म्हणजे टेबलाभोवती बसून फासे टाकत पात्रांची भूमिका वठवण्याच्या खेळात, लेव्हल (पात्राच्या अनुभवाची पायरी) वाढली की पात्र अधिक जोरात मारू लागते, असे सगळेच धरून चालतात. पण नेमके किती जोरात, असे विचारले तर बहुतेक खेळाडू कॅरॅक्टर शीटवर शस्त्रापुढे लिहिलेला आकडा वाचून दाखवतात. तो आकडा खोटा नसतो, अपुरा असतो. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीतला, अंगात चांगली ताकद असलेला फायटर (लढवय्या पात्र) पहिल्या लेव्हलला ग्रेटसोर्डने, म्हणजे मोठ्या दोनहाती तलवारीने, '२डी६ + ३' (सहा बाजूंचे दोन फासे अधिक ३) मारतो आणि विसाव्या लेव्हलला, तलवार साधीच असेल तर, '२डी६ + ५' मारतो. एवढेच पाहिले तर सगळ्या प्रवासाची कमाई दोन पॉइंटची ठरते. प्रत्यक्षात मात्र तो फायटर आपल्या एका टर्नमध्ये (पाळीत) पूर्वीच्या जवळजवळ पाचपट डॅमेज (शत्रूचे नुकसान) करत असतो. ही वाढ कुठून येते, कोणत्या लेव्हलला येते आणि समोरच्या शत्रूच्या मानाने ती किती खरी असते, हे कागद-पेन्सिल घेऊन शोधण्याची पद्धत इथे मांडली आहे. सरासरी आणि टक्केवारी येत असेल तर याहून अधिक गणित लागत नाही. वेगळा उल्लेख नसेल तिथे सर्व आकडे पाचव्या आवृत्तीच्या २०१४च्या नियमांनुसार आहेत.

आधी एका टर्नचा हिशेब

फाशाची सरासरी काढताना त्याच्यावरचा सर्वांत लहान आणि सर्वांत मोठा आकडा मिळवून निम्मा करावा. सहा बाजूंच्या फाशाची सरासरी त्यामुळे ३.५ येते, आठ बाजूंच्या फाशाची ४.५, दहा बाजूंच्या फाशाची ५.५ आणि बारा बाजूंच्या फाशाची ६.५. सहाचे निम्मे तीन म्हणून सरासरी तीन धरणारे खेळाडू पुष्कळ आढळतात. एका फाशाला ही चूक अर्ध्या पॉइंटची असते, पण दहा फाशांवर ती पाच पॉइंटची होते. ग्रेटसोर्डचे दोन फासे सरासरी ७ देतात, त्यात स्ट्रेंग्थ (ताकदीचा आकडा) १६ असल्याबद्दलचे ३ मिळवले की लागलेल्या एका वाराचे डॅमेज १० होते.

पण प्रत्येक वार लागत नाही. हल्ल्याचा बोनस शत्रूच्या आर्मर क्लासमधून (त्याला वार लागणे किती अवघड ते सांगणाऱ्या आकड्यातून) वजा केला की वीस बाजूंच्या फाशावर किमान किती पडायला हवे ते कळते. आपल्या फायटरचा बोनस स्ट्रेंग्थचे ३ आणि प्रोफिशिएन्सीचे (लेव्हलबरोबर वाढणाऱ्या सरावाचे) २ मिळून ५ आहे. समोर आर्मर क्लास १३ असेल तर फाशावर किमान ८ हवेत. आठपासून वीसपर्यंत तेरा आकडे येतात आणि प्रत्येक आकड्याची शक्यता ५ टक्के, म्हणजे वार लागण्याची शक्यता ६५ टक्के झाली. फाशावर १ पडला तर वार नेहमी चुकतो आणि २० पडला तर नेहमी लागतो, म्हणून ही शक्यता ५ टक्क्यांच्या खाली किंवा ९५ टक्क्यांच्या वर कधीच जात नाही.

आता १० चे ६५ टक्के म्हणजे ६.५. फाशावर २० पडल्यास क्रिटिकल हिट होतो आणि डॅमेजचे फासे दुप्पट होतात. मात्र स्ट्रेंग्थचे ३ दुप्पट होत नाहीत. म्हणून क्रिटिकलसाठी फक्त फाशांच्या सरासरीचे, म्हणजे ७ चे, ५ टक्के वेगळे मिळवायचे: ०.३५. एकूण ६.८५. पहिल्या लेव्हलचा हा फायटर आर्मर क्लास १३ च्या शत्रूला दर टर्नला सरासरी ६.८५ डॅमेज करतो, आणि पुढची सगळी तुलना याच आकड्याशी करायची आहे. शीटवरचे १० यापुढे विसरलेले बरे.

शत्रूचा आर्मर क्लास कोणता धरावा, हा प्रश्न इथे लगेच उभा राहतो. डंजन मास्टर्स गाइड या नियमपुस्तकात शत्रूच्या चॅलेंज रेटिंगप्रमाणे (तो किती अवघड ते सांगणाऱ्या आकड्याप्रमाणे) अपेक्षित आर्मर क्लासचे कोष्टक दिले आहे: रेटिंग ३ पर्यंत १३, चारला १४, पाच ते सातला १५, आठ-नऊला १६, दहा ते बाराला १७, तेरा ते सोळाला १८ आणि त्यापुढे १९. पुस्तकातले प्रत्यक्ष राक्षस हे कोष्टक पाळतातच असे नाही. किरकोळ समजल्या जाणाऱ्या गॉब्लिनचा आर्मर क्लास १५ आहे, तर धिप्पाड ओगरचा केवळ ११. तरीही पात्राच्या लेव्हलइतक्याच रेटिंगचा शत्रू समोर आहे असे मानून मोजले, तर एक स्थिर मापदंड हाती येतो, आणि तुलनेसाठी तेवढे पुरते.

पायऱ्या शोधणे

हाच हिशेब त्याच फायटरसाठी लेव्हलमागून लेव्हल करत गेलो की वाढीची रेघ सरळ चढत नाही, हे लक्षात येते. चौथ्या लेव्हलला स्ट्रेंग्थ १८ झाली, म्हणून बोनस ६ आणि वाराचे डॅमेज ११ होते; शत्रूचा आर्मर क्लासही १४ वर गेलेला असल्याने वार लागण्याची शक्यता ६५ टक्केच राहते, आणि दर टर्नचे डॅमेज ७.५ येते. तीन लेव्हलमध्ये पाऊण पॉइंटसुद्धा मिळाला नाही. पाचव्या लेव्हलला मात्र एक्स्ट्रा अटॅक मिळतो, एका टर्नमध्ये दोन वार होतात आणि आकडा थेट १५ वर जातो. त्याच लेव्हलला प्रोफिशिएन्सी २ वरून ३ होते, पण तिचा लाभ शत्रूचा आर्मर क्लास १५ झाल्यामुळे खर्ची पडतो.

चौथ्या आणि पाचव्या लेव्हलमधली ही दुपटीची उडी मला या खेळाच्या सगळ्या प्रवासातली सर्वांत महत्त्वाची वाटते, आणि गेम मास्टर (खेळ चालवणारी) मंडळी तिच्याकडे आश्चर्य वाटावे इतके दुर्लक्ष करतात. ट्रोलचे उदाहरण घ्या. त्याचा आर्मर क्लास १५, हिट पॉइंट (अंगात जीव किती ते सांगणारे गुण) ८४, आणि आग किंवा आम्लाचा मारा झाला नसेल तर तो आपल्या प्रत्येक टर्नच्या सुरुवातीला १० हिट पॉइंट भरून काढतो. चौथ्या लेव्हलचा फायटर त्याच्याशी एकटा लढला तर ६० टक्के शक्यतेने दर टर्नला ६.९५ डॅमेज करतो; म्हणजे तो जितके तोडतो त्याहून अधिक ट्रोलच्या अंगावर पुन्हा उगवते आणि सरासरीचा विचार करता ही लढाई पुढे सरकतच नाही. पाचव्या लेव्हलचा फायटर १५ करतो आणि दर फेरीला (सगळ्यांची एकेक टर्न झाली की एक फेरी) पाच पॉइंट शिल्लक राहतात. ट्रोलचा कायमचा निकाल लावायला आग किंवा आम्ल त्यालाही लागतेच, पण एकाची लढत व्यर्थ आणि दुसऱ्याची शक्य कोटीतली, हा फरक एका लेव्हलचा आहे.

पुढे सहाव्या लेव्हलला स्ट्रेंग्थ २० झाली की शक्यता ७० टक्क्यांवर आणि दर टर्नचे डॅमेज १७.५ वर जाते. गंमत अशी की दहाव्या लेव्हलला हा आकडा १६.३ पर्यंत खाली येतो. फायटर दुबळा झालेला नसतो. शत्रूचा आर्मर क्लास १७ झालेला असतो, प्रोफिशिएन्सीने दिलेला एक पॉइंट त्याला पुरत नाही आणि स्ट्रेंग्थ तर २० च्या मर्यादेला टेकलेली असते. अकराव्या लेव्हलला तिसरा वार मिळतो आणि आकडा २४.४५ होतो. त्यानंतर तेराव्या लेव्हलला हिशेब केला तरी २४.४५, सतराव्याला केला तरी २४.४५, आणि विसाव्या लेव्हलला चौथा वार मिळाल्यावर ३२.६.

या सगळ्या प्रवासात वार लागण्याची शक्यता ६५ टक्क्यांच्या आसपासच घुटमळत राहिली, हे ध्यानात ठेवावे. हल्ल्याचा बोनस ५ वरून ११ वर गेला, पण शत्रूही तितकाच अवघड होत गेला. म्हणजे बोनसची वाढ ही बरोबरीच्या शत्रूपुढे केवळ जागा राखण्यासाठी असते, आणि डॅमेजची खरी वाढ वारांच्या संख्येतून येते. जुन्या, मागे पडलेल्या शत्रूपुढे मात्र ती वाढ लख्ख दिसते: ओगरचे ५९ हिट पॉइंट संपवायला पहिल्या लेव्हलच्या फायटरला एकट्याने सरासरी साडेसात टर्न लागतात, पाचव्या लेव्हलच्या फायटरला तीन.

वाढीचे इतर मार्ग

सगळे क्लास (पात्रांचे प्रकार) वार वाढवून बळकट होत नाहीत. रोगला, म्हणजे लपूनछपून वार करणाऱ्या पात्राला, आयुष्यभर एकच वार असतो, पण त्याच्या स्नीक अटॅकचा (वारात मिळणाऱ्या जादा डॅमेजचा) एक सहा बाजूंचा फासा दर विषम लेव्हलला वाढतो आणि एकोणिसाव्या लेव्हलला तो दहा फाशांवर पोहोचतो. त्यामुळे त्याची चढण फायटरपेक्षा पुष्कळ गुळगुळीत आहे. पाचव्या लेव्हलला रेपियरचा (सडपातळ तलवारीचा) वार आणि तीन फाशांचा स्नीक अटॅक मिळून १९ डॅमेज होते आणि ६५ टक्के शक्यतेने, क्रिटिकल धरून, दर टर्नला १३.१ येते, अकराव्या लेव्हलला हाच आकडा २१.१ होतो. दोन्ही ठिकाणी तो फायटरच्या थोडा मागे आहे. पण सगळे एकाच वारावर अवलंबून असल्यामुळे तो वार चुकला तर रोगची टर्न कोरडी जाते. म्हणूनच रोगसाठी अ‍ॅडव्हांटेज मिळवणे ही चैन नसून गरज असते: दोनदा फासा टाकून चांगला आकडा घेता आला की ६५ टक्क्यांचे ८७.७५ टक्के होतात आणि पाचव्या लेव्हलचे १३.१ सुमारे १८.१ होते.

विझार्डच्या (जादूगाराच्या) फायर बोल्टसारख्या कँट्रिपचे (कितीही वेळा वापरता येणाऱ्या छोट्या जादूचे) फासे पाचव्या, अकराव्या आणि सतराव्या लेव्हलला एकेकाने वाढतात, म्हणजे योद्ध्यांच्या पायऱ्यांशी त्यांची सांगड मुद्दाम घातलेली आहे. मात्र त्यात इंटेलिजन्सचा बोनस मिळत नाही, म्हणून पाचव्या लेव्हलचा फायर बोल्ट दर टर्नला ७.७ वरच थांबतो. वॉरलॉक या दुसऱ्या जादूगार क्लासची एल्ड्रिच ब्लास्ट ही कँट्रिप याला अपवाद: तिथे फाशांऐवजी किरणांची संख्या वाढते, प्रत्येक किरणासाठी वेगळा हल्ला करायचा असतो, आणि योग्य इन्व्होकेशन (वॉरलॉकने निवडायची खास शक्ती) घेतले असेल तर प्रत्येक लागलेल्या किरणाला करिष्माचा बोनस मिळतो. आकड्यांच्या दृष्टीने वॉरलॉक हा धनुर्धारी फायटरचाच चुलतभाऊ आहे.

मोठ्या जादूचा हिशेब टर्नवर करून भागत नाही, तो दिवसावर करावा लागतो. पाचव्या लेव्हलच्या विझार्डला तिसऱ्या पातळीचे दोन स्लॉट (मोठी जादू वापरण्याच्या संधी) असतात, म्हणजे दिवसाला दोन फायरबॉल. फायरबॉलचे आठ फासे सरासरी २८ देतात. निम्मे शत्रू सेव्ह करून (बचावाचा फासा यशस्वी करून) अर्धेच डॅमेज घेतात असे धरले तर प्रत्येकी २१. दिवसभरात लढाईच्या बारा फेऱ्या झाल्या, दोन फेऱ्यांत फायरबॉल आणि उरलेल्या दहांत फायर बोल्ट वापरला, तर एकट्या शत्रूवर विझार्डची सरासरी ९.९ पडते. प्रत्येक फायरबॉलखाली चार शत्रू सापडले, तर तीच सरासरी २०.४ होते. एकच पात्र, एकच दिवस, आणि शत्रू विखुरलेला आहे की घोळक्यात उभा आहे एवढ्यावर फायटरच्या मागे किंवा पुढे. कोणता क्लास अधिक डॅमेज करतो यावर होणारे बहुतेक वाद या एका गृहीतकापाशी येऊन मिटायला हरकत नसावी. ते मिटत नाहीत, हा भाग वेगळा. फायटरच्या अ‍ॅक्शन सर्जलाही (एकदा जादा हल्ला करू देणाऱ्या शक्तीलाही) हाच नियम लागू होतो. चार फेऱ्यांच्या लढाईत तो एकदा वापरला तर पाच टर्नचे डॅमेज चार फेऱ्यांत वाटले जाते आणि पाचव्या लेव्हलचे १५ वाढून १८.७५ होते, पण दोन लढायांच्या मध्ये विश्रांती मिळाली तरच.

ठरावीक बोनस की जास्त फासे

जादूची '+१' तलवार मिळाली की तिचा लाभ एका पॉइंटचा आहे असे वाटते. अकराव्या लेव्हलच्या फायटरच्या हाती ती दिली तर शक्यता ७० टक्के होते, वाराचे डॅमेज १३ होते, आणि तीन वारांचे मिळून २८.३५ येतात, म्हणजे २४.४५ वर जवळपास १६ टक्के वाढ. ठरावीक बोनस वारांच्या संख्येने गुणला जातो, म्हणून अनेक वार करणाऱ्या पात्राला तो द्यावा आणि क्रिटिकलची शक्यता वाढवणारी वस्तू एका वारात मूठभर फासे टाकणाऱ्याकडे जावी, हा खजिना वाटून घेताना वापरण्याजोगा नियम आहे.

ग्रेट वेपन मास्टर या फीटने (पात्रासाठी निवडायच्या खास कौशल्याने) हल्ल्यातून ५ वजा करून डॅमेजमध्ये १० मिळवता येतात. अकराव्या लेव्हलच्या आपल्याच फायटरचा, साध्या तलवारीसह, आर्मर क्लास १७ पुढे हिशेब केला तर एका वाराचे सरासरी ८.१५ वाढून ९.१५ होते, म्हणजे सौदा फायद्याचा. आर्मर क्लास १९ असेल तर ५५ टक्के शक्यतेने १२ किंवा ३० टक्के शक्यतेने २२, दोन्हींचे उत्तर ६.६ येते, क्रिटिकलचे ०.३५ दोन्हीकडे सारखेच. त्याच्या वर सौदा तोट्याचा. असा समसमान बिंदू एकदा काढून शीटच्या कोपऱ्यात लिहून ठेवला की दर वाराला विचार करत बसावे लागत नाही. २०२४च्या नियमांत हे फीट बदलले असून वजाबाकी गेली आणि प्रोफिशिएन्सीइतके डॅमेज मिळू लागले, तेव्हा तिथे हा हिशेब उरतच नाही.

दुसऱ्या खेळांत हेच कसे दिसते

पद्धत तीच राहते, फक्त वाढ कुठे दडवली आहे ते आधी शोधावे लागते. १९७४च्या मूळ डंजन्स अँड ड्रॅगन्समध्ये कोणत्याही शस्त्राचे डॅमेज एक सहा बाजूंचा फासा एवढेच होते, शस्त्रागणिक वेगळे फासे १९७५च्या ग्रेहॉक पुरवणीतून आले. अ‍ॅडव्हान्स्ड डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पहिल्या आवृत्तीत फायटरला सातव्या लेव्हलपासून दोन फेऱ्यांत तीन वार आणि तेराव्यापासून दर फेरीला दोन वार मिळत. ३.५ आवृत्तीत पुढचे प्रत्येक वार पाच-पाचने कमी बोनसचे असतात, म्हणून तिथे प्रत्येक वाराची शक्यता वेगवेगळी काढूनच बेरीज करावी. चार वार म्हणजे चौपट डॅमेज असे समजणे ही तिथली नेहमीची फसगत आहे.

पाथफाइंडरच्या २०१९च्या दुसऱ्या आवृत्तीत वारांची संख्या वाढत नाही. दुसऱ्या वाराला ५ आणि तिसऱ्याला १० वजा होतात, आणि वाढ शस्त्रावरच्या स्ट्रायकिंग रूनमधून (कोरलेल्या जादूच्या चिन्हातून) येते: चौथ्या लेव्हलच्या रूनने फासे दोन होतात, बाराव्याच्या रूनने तीन, एकोणिसाव्याच्या रूनने चार. म्हणजे वाढ पात्रात नसून त्याच्या थैलीत आहे. गेम मास्टरने वेळेवर रून दिला नाही तर पात्र लेव्हलने मोठे होऊनही मार छोटाच राहतो, आणि म्हणूनच त्या नियमांत ही वाढ वस्तूंविना आपोआप देणारा पर्यायही ठेवला आहे. शिवाय आर्मर क्लासपेक्षा १० ने अधिक आले की क्रिटिकल होतो, त्यामुळे हल्ल्यातला एक पॉइंट तिथे वार लागण्याबरोबर क्रिटिकलचीही शक्यता वाढवतो. थर्टीन्थ एजने सगळ्यांत सरळ मार्ग घेतला: लेव्हल जितकी तितके शस्त्राचे फासे, आणि क्षमतेचा बोनस पाचव्या लेव्हलला दुप्पट व आठव्याला तिप्पट. कॉल ऑफ क्थुल्हूमध्ये लेव्हलच नाहीत. कौशल्य सुधारते तशी वार लागण्याची टक्केवारी वाढते, पण डॅमेजचा बोनस शरीराच्या ताकदीवर आणि आकारावर ठरलेला असल्यामुळे अनुभवाने तो वाढत नाही.

गेम मास्टरने हे आकडे कसे वापरावेत

गटातल्या प्रत्येक पात्राचे दर टर्नचे डॅमेज काढून बेरीज करावी. पाचव्या लेव्हलचा फायटर १५, रोग १३.१, विझार्ड एकट्या शत्रूवर ९.९, आणि सेक्रेड फ्लेम ही कँट्रिप वापरणारा क्लेरिक (पुरोहित पात्र), शत्रू निम्म्या वेळा सेव्ह करतो असे धरून, ४.५, बेरीज ४२.५. एकट्या शत्रूने तीन फेऱ्या टिकावे असे वाटत असेल तर त्याला सुमारे १२७ हिट पॉइंट हवेत. गाइडच्या कोष्टकात चॅलेंज रेटिंग ५ साठी १३१ ते १४५ हिट पॉइंट दिले आहेत, म्हणजे दोन्ही हिशेब एकमेकांच्या जवळ येतात. हिल जायंटसारख्या त्याच रेटिंगच्या प्रत्यक्ष शत्रूला मात्र १०५ च हिट पॉइंट आहेत, आणि असा शत्रू एकटा उभा केला तर तो तिसऱ्या फेरीतच का कोसळतो, याचे कारण या बेरजेतच सापडते. स्वतःचा नवा क्लास किंवा नवे शस्त्र बनवताना त्याचा आकडा पहिल्या, चौथ्या, पाचव्या, दहाव्या, अकराव्या आणि सतराव्या लेव्हलला काढून फायटरच्या आकड्याशेजारी लिहावा. पायरीच्या अलीकडे आणि पलीकडे अशा दोन्ही बाजूंना मोजले नाही तर बिघाड नेमका मधल्या लेव्हलमध्ये लपून राहतो.

हिट पॉइंट थोडे असलेल्या शत्रूंपुढे ही सरासरी फसवी ठरते, एवढे पथ्य मात्र पाळावे लागते. गॉब्लिनला ७ हिट पॉइंट असतात. पाचव्या लेव्हलच्या फायटरचा ११ चा वार त्याच्यावर पडला तर चार पॉइंट हवेत जातात, आणि रोगचा १९ चा वार पडला तर बारा. अशा टोळीपुढे डॅमेजऐवजी एका टर्नमध्ये सरासरी किती वार लागतात तेच मोजावे: आर्मर क्लास १५ पुढे फायटरचे १.३, रोगचे ०.६५. ग्रेटसोर्डच्या वाराचे डॅमेज या फायटरच्या हाती ६ च्या खाली जात नाही आणि गॉब्लिनला वाचवणारा ६ चा आकडाही छत्तीसांत एकदाच पडतो, म्हणून दहा गॉब्लिनना लागणारा वेळ काढताना १० ला १.३ ने भागून साधारण आठ टर्न धराव्यात.